हा बेताळ कुठल्या गावचा?

गाडी शिवोलीचा पूल ओलांडून चोपड्याच्या बाजूला उतरली तरी मागच्या सीटवरून आवाज नव्हता. नातू झोपला असेल असे मला वाटले. पर्वरीहून पार्सेपर्यंतचा रस्ता रात्रीचा लांब वाटतो, आणि बारा वर्षांच्या मुलाने अडीच तास पडद्यावरची आदळआपट बघितलेली. चोपड्याचा चढ लागला आणि तो एकदम म्हणाला, "आजी, हो बेताळ खंयच्या गांवचो?"

छत्तीस वर्षे मी पेडणे तालुक्यात मराठी शाळेत शिकवले. मुलाच्या प्रश्नाला चटकन उत्तर सापडले नाही की "उद्या सांगते" म्हणायची सवय आहे. त्या रात्रीही तेच म्हटले. पण प्रश्न काही मनातून गेला नाही. सिनेमा बघताना मला जे खुपत होते आणि शब्दांत सापडत नव्हते, ते त्याने चार शब्दांत सांगून टाकले होते.

सिनेमा होता 'थामा'. २१ ऑक्टोबर २०२५ला, ऐन दिवाळीत लागला. गावोगावी नरकासुर जाळून झाले होते, मुलांना सुट्टी होती, आणि जाहिरातीत 'बेताळ' हा शब्द होता. पेडण्याच्या माणसाला एवढे पुरते. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार आपल्या मराठीतला. 'क्लासमेट्स', 'फास्टर फेणे' आणि मराठीत झोंबी आणणारा 'झोंबिवली' त्यानेच केलेला. शिवाय त्याचाच 'मुंज्या' आम्ही आजी-नातवाने दोनदा बघितला होता. तेव्हा मी फार आशेने गेले.

ज्यांनी ही मालिका बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडे मागचे सांगते. मॅडॉक या निर्मिती संस्थेने २०१८ साली 'स्त्री' काढला. मध्य प्रदेशातले चंदेरी गाव, उत्सवाच्या चार रात्री पुरुषांना उचलून नेणारी एक अतृप्त बाई, आणि तिला दारातून परत पाठवण्यासाठी भिंतीवर लिहिलेले 'उद्या ये'. ही कल्पना बंगळुरूकडच्या 'नाळे बा' या जुन्या वदंतेतून आलेली. नव्वदच्या दशकात तिकडच्या घरांच्या दारांवर लोक खरोखरच तसे लिहीत होते. 'स्त्री' तुफान चालला. मग २०२२ साली अरुणाचलच्या जंगलातला 'भेडिया' आला, जून २०२४ मध्ये कोकणातला 'मुंज्या', त्याच वर्षी १५ ऑगस्टला 'स्त्री २'. गोष्टी वेगवेगळ्या, पण सगळ्यांचे जग एकच, आणि एका सिनेमातले पात्र दुसऱ्यात डोकावून जाते. मूळ सिनेमा चालला की त्याच्या बुडाशी केळीला फुटावा तसा जो दुसरा कोंब येतो, त्याला सिनेमावाले स्पिन-ऑफ म्हणतात. 'थामा' हा असाच कोंब, बेताळाच्या नावाने लावलेला.

'मुंज्या' का आवडला होता ते आधी सांगायला हवे, म्हणजे 'थामा'ची निराशा कळेल. 'मुंज्या'ची गोष्ट १९५२ सालच्या कोकणात सुरू होते. गोट्या नावाचा मुलगा आपल्याहून मोठ्या मुलीवर जीव लावून बसतो, घरचे त्याची मुंज उरकतात, आणि मुंजीनंतर दहा दिवसांच्या आत तो एका भयंकर हट्टापायी मरतो. त्याचा मुंज्या होतो आणि पिंपळाला चिकटतो. त्याला एकच गोष्ट हवी असते, लगीन. पिंपळ, मुंजीचा घेरा, अपुरे राहिलेले लग्न, घराण्याचे रक्त, सुहास जोशींनी केलेली आजी. यातले काहीही आम्हाला समजावून सांगावे लागले नाही. कोकणात आणि गोव्यात पिंपळाखालून जाताना आवाज खाली आणणारी माणसे मी लहानपणापासून पाहते आहे. सिनेमाने तीच भीती उचलली, तिचे नियम जसेच्या तसे ठेवले, आणि मग त्यावर हवी तेवढी गंमत केली. मोठा नट नसताना तो शंभर कोटींच्या वर गेला. शेवटी भेडिया येऊन गेला खरा, पण तोवर मुंज्याची गोष्ट पुरी झाली होती. पाहुणा जेवणे आटोपल्यावर आला, म्हणून खुपला नाही.

आता आमच्या बेताळाबद्दल.

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला वेताळ म्हटला की विक्रम राजा आठवतो. झाडाला लोंबकळणारे प्रेत, राजाच्या खांद्यावरून गोष्ट सांगणारा आवाज, आणि राजाने तोंड उघडले की पुन्हा झाडावर. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागरा'त या गोष्टी गुंफल्या. मराठीत छापलेले गद्य नुकते डोळे उघडत होते तेव्हा, १८३० साली, सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी 'वेताळपंचविशी' आणली. १९८५ साली रामानंद सागरांनी ती दूरदर्शनवर दाखवली. तेव्हा मी विशीतली होते. रविवारी शेजारच्या घरी टीव्हीसमोर अर्धा वाडा जमायचा, आणि माझी आजी दारातल्या पायरीवर बसून ऐकायची. पडद्याकडे तिने कधी बघितले नाही. मालिकेतला बेताळ पांढऱ्या केसांचा आणि हसणारा होता. आजीला ते पटत नव्हते. बेताळाला हसताना कुणी पाहिलेले नाही, असे ती म्हणायची.

तिचा बेताळ पुस्तकातला नव्हताच. गोव्यात बेताळ हा देव आहे, गावाचा राखणदार. डिचोली तालुक्यात मांडवीच्या काठी आमोणे आहे, तिथला ग्रामदेव बेताळ. काणकोणात पैंगीणला बेताळ, लोळयेला उघड्या आभाळाखाली उभी असलेली त्याची जुनी पाषाणमूर्ती. अंगावर वस्त्र नाही, गळ्यात मुंडमाळा, पोटावर विंचू कोरलेला. सासष्टीत बेताळभाटी नावाचे गाव आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी सासष्टीतली देवळे पाडली, माणसे बाटवली, पण गावाने बेताळाचे नाव अजून टाकलेले नाही. आमचे पेडणे पोर्तुगिजांकडे गेले ते १७८८ साली. तोवर ती धामधूम ओसरली होती, म्हणून इकडची देवळे, राखणदार, तरंगे, गाऱ्हाणी सगळे जागच्या जागी राहिले.

आणि राखणदार म्हणजे नेमके काय, हे मला कुणी व्याख्या करून सांगितलेले नाही. माझे बाबा धयकाल्यात, म्हणजे जत्रेतल्या दशावतारी नाटकात, पेटी वाजवायचे. जत्रांचा हंगाम सुरू झाला की रात्र रात्र बाहेर. मांद्र्याचा काला आटोपून पहाटेच्या आधी चालत पार्सेला यायचे, हातात कंदील, खांद्यावर घोंगडी. ते सांगायचे की निघाल्यावर थोड्याच वेळात मागून काठीचा ठोका आणि घुंगरांचा बारीक आवाज यायला लागतो. मागे वळून बघायचे नाही. नाव घ्यायचे नाही. 'तो' म्हणायचे. आवाज आपल्या चालीने चालतो, आपण थांबलो की थांबतो. मग मांद्र्याची शीम संपते तिथे तो राहतो, कारण त्याची हद्द तिथवरच. पुढची आठ-दहा पावले काहीच ऐकू येत नाही. मग समोरून दुसऱ्या घुंगरांचा आवाज येतो, थोडा जाडसर. तो आपला, पार्सेचा. आईने एकदा विचारले, अशा वेळी भीती नाही वाटत? बाबा म्हणाले, आवाज असतो तोवर नाही. ती मधली आठ-दहा पावले मात्र लवकर संपत नाहीत.

मी देवभोळी बाई नाही. घुंगरांचा आवाज मी कधी ऐकलेला नाही, आणि बाबांनी खरेच ऐकला की रात्रीच्या चालीत त्यांच्या कानांना भासला, याचा निकाल मी लावायला बसत नाही. पण शेत लावण्याआधी आणि कापल्यावर राखण्याला रोट, केळी, विडी आणि सोरो ठेवायचा, हे आमच्या घरात चुकलेले नाही. लहानपणी मी घाबरले की आजी म्हणायची, "तो आपलो राखणो. ताका कित्याक भियेता?" भीती होतीच. ती आपल्या माणसाची होती, म्हाताऱ्या कडक आजोबांची असते तशी.

एवढे डोक्यात घेऊन मी 'थामा'ला बसले.

सुरुवात सिकंदरापासून, इसवी सनपूर्व ३२३. सिकंदर जंगलात शिरतो आणि बेताळांच्या हाती सापडतो. मग आजचे दिवस. आयुष्मान खुराना हा आलोक नावाचा पत्रकार, डोंगरात भटकायला गेलेला, अस्वलाच्या तावडीतून त्याला ताडका वाचवते, ती रश्मिका मंदाना. ती बेताळांच्या टोळीतली. गुहेत साखळदंडात यक्षासन, म्हणजे नवाजुद्दीन सिद्दीकी. पुढे आलोक मरतो, ताडका त्याला आपल्यातला करून घेते, आणि सुळे, रक्ताची तहान, अफाट ताकद, आईबापांपासून लपवाछपवी असा प्रवास सुरू होतो. परेश रावल बापाच्या भूमिकेत. माणसे गुणी आहेत. नवाजुद्दीन साखळीत बांधलेला असतानाही पडदा व्यापून टाकतो, त्याला आणखी जागा द्यायला हवी होती.

या सगळ्यात एक जागा अशी होती जिथे मी सावरून बसले. या बेताळांनी माणसाचे रक्त पिणे सोडलेले असते. का, तर १९४७ च्या फाळणीत माणसांनी माणसांना कापले, आणि त्या द्वेषाने माणसाचे रक्तच विषारी झाले. केवढी कल्पना आहे ही! माणसाला पाहून भुताने मागे सरावे. याच एका धाग्यावर आख्खा सिनेमा उभा राहिला असता. फाळणीच्या वेळी त्या जंगलाच्या कडेने कुठले काफिले गेले, बेताळांनी काय पाहिले, कुणाला वाचवता आले नाही, हे दाखवले असते तर मी आजही त्याबद्दल बोलत बसले असते. सिनेमा ते सांगतो आणि लगेच नाचगाण्याकडे वळतो.

माझे दुखणे मात्र वेगळे आहे. हे बेताळ राखतात काय? ते जंगल कुणाच्या शिवारातले, त्याच्या पलीकडे कुठले गाव, तिथली म्हातारी माणसे संध्याकाळी काय म्हणून दिवा लावतात, हे मला सिनेमातून उमगले नाही. त्यांना शीम नाही. त्यांना कुणी गाऱ्हाणे घालत नाही. मराठीत अशा जिवाला 'बारा पिंपळांवरचा मुंजा' म्हणतात, आज इथे उद्या तिथे, कुठल्याच झाडाचा नाही. गोट्याच्या मुंज्याला निदान एक पिंपळ होता. 'थामा'च्या बेताळाला तेवढाही नाही. सुळे, तरुण देखणेपणा, मरण नसलेले आयुष्य, माणूस की रक्त अशी घालमेल, हे सगळे युरोपातल्या व्हॅम्पायरचे अंगरखे. आत आमचा बेताळ शोधत मी शेवटपर्यंत बसले होते.

घरी आल्यावर आठवले की ही गल्लत काही या दिवाळीतली नाही. इंग्रज प्रवासी रिचर्ड बर्टनने १८७० साली बेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि नाव दिले 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. त्याच्या वाचकांना बेताळ म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, म्हणून त्याने त्यांच्या ओळखीचे भूत पुढे केले. त्याची अडचण मी समजू शकते. पण पंचविशीतला वेताळ कुणाच्या मानेला चावत नाही. तो कोडे घालतो, न्याय विचारतो, आणि शेवटी कपटी जोग्यापासून राजाचा जीव वाचवतो. म्हणजे पुस्तकातलाही वेताळ अखेर राखणदारच ठरतो. बर्टननंतर सत्तावीस वर्षांनी 'ड्रॅक्युला' आला आणि व्हॅम्पायर हा शब्द त्या सुळ्यांना कायमचा बांधला गेला. आज आपण तोच शब्द परत आणून आपल्या बेताळाला घालतो आहोत. २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर 'बेताल' नावाची मालिका आली होती. तिच्यात बेताळाच्या नावाखाली लाल कोटातले मेलेले गोरे शिपाई झोंबी होऊन चालत आले. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समध्ये आम्ही 'वेताळ' वाचायचो, तो तर अमेरिकेतला मुखवटा घातलेला फँटम. तेव्हा कुणाला खुपले नाही, कारण आमचा बेताळ शिमेवर होताच. आता माझ्या नातवाला शीम कुठे आहे हे दाखवावे लागते. मोपाच्या पठारावर २०२३च्या जानेवारीपासून विमाने उतरतात, रस्ते रुंद झाले, वाटा बुजल्या. त्याच्या पिढीला बेताळ भेटणार तो पडद्यावरच. म्हणून मला हे एवढे लागते.

बाहेरच्या जगातही हेच घडले आहे. हॉलीवूडच्या 'द कॉन्ज्युरिंग' या भुताटकीच्या मालिकेतून २०१९ मध्ये 'द कर्स ऑफ ला योरोना' नावाचा सिनेमा निघाला. ला योरोना म्हणजे रडणारी बाई. आपली मुले स्वतःच्या हाताने बुडवून मग नदीकाठी त्यांना शोधत रडत फिरते, असे मेक्सिकोतल्या आया पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या. सिनेमाने तिला १९७३ सालच्या लॉस एंजेलिसमधल्या एका घरात आणले, दारे आपटायला लावली, आणि मालिकेशी नाते दाखवण्यासाठी 'अ‍ॅनाबेल'मधला पाद्री तेवढा आणून बसवला. समीक्षकांनी झोडपला. तरी नव्वद लाख डॉलरच्या आसपास खर्चून त्याने बारा कोटींवर मिळवले, आणि मालिका पुढे गेली. त्याच वर्षी ग्वाटेमालाच्या हायरो बुस्तामान्तेने 'ला योरोना' याच नावाचा सिनेमा केला. त्यात ती बाई म्हाताऱ्या सेनानीच्या घरी येते. त्या सेनानीच्या हुकमावरून तिच्या लोकांची कत्तल झालेली असते. बाई तीच आणि रडणेही तेच. पण ती कुणासाठी रडते ते तिथे माहीत असते, आणि अंगावर काटा येतो तो त्याचा.

मालिका काढणाऱ्यांना आपल्या भुताची जागा का लागत नाही, याचेही कारण दिसते. मॅडॉकने २०२५ च्या सुरुवातीलाच आठ सिनेमांची यादी जाहीर केली होती. पहिला 'थामा', मग 'शक्ती शालिनी', 'भेडिया २', 'चामुंडा', 'स्त्री ३', 'महा मुंज्या', आणि २०२८ मध्ये दोन महायुद्धे. एवढी वरात न्यायची तर मधल्या सिनेमाला पूल व्हावे लागते. म्हणून 'थामा'त भेडिया येऊन मारामारी करतो, 'मुंज्या'तला सत्यराज यांचा एल्विस येतो, आणि शेवट पुढच्या सिनेमाचे दार उघडून होतो. सगळी भुते एका रणांगणावर आणायची असतील तर त्यांची गावे सोडवावी लागणारच. राखणदार आपली शीम सोडून दुसऱ्याशी लढायला गेला तर मागे गाव कोण राखणार, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही. 'थामा'नेही शंभर कोटींचा टप्पा ओलांडला, तेव्हा यादी काही थांबणार नाही.

जागा धरून राहिले तर काय होते हे आम्ही 'थामा'च्या आधीच्या दोन महिन्यांत पाहिले होते. सप्टेंबरात सुबोध खानोलकरांचा 'दशावतार' लागला. आमच्या वाड्यावरच्या बायका मिनीबस करून म्हापशाला गेल्या. त्यांतल्या तीन जणींनी थिएटरात पाऊल ठेवून वीस वर्षे झाली असतील. दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री रंग लावायला बसतो ते दृश्य सुरू झाले आणि माझ्या शेजारची वयनी हळूच म्हणाली की रंगाचा वास येतोय. बाबांच्या पेटीच्या खोक्यालाही तसाच वास होता, तेलाचा आणि सफेद्याचा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला 'कांतारा'चा दुसरा सिनेमा आला, आधीच्या काळातली गोष्ट सांगणारा, म्हणजे तोही एक कोंबच. गोंगाट त्यातही पुष्कळ आहे. पण त्यातली पंजुर्ली आणि गुळिगा ही दैवते आपली माती सोडत नाहीत. जमिनीचा करार मोडला तर ते येणार, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते आणि तो तो क्षण यायची वाट बघत बसतो.

आणि मध्येच, ६ ऑक्टोबरला, कोजागरी होती. पेडण्याची पुनव. दसऱ्याला रवळनाथ आणि भूतनाथाची तरंगे बाहेर निघतात, उंच काठ्यांना रंगीबेरंगी साड्यांचे थर नेसवलेली. पुनवेच्या रात्री भगवतीच्या देवळापुढे, त्या दोन दगडी हत्तींच्या समोर, पाऊल ठेवायला जागा नसते. भूतनाथाने एका रात्रीत देऊळ बांधून मागितले होते, ते झाले नाही, म्हणून तो रागाने सरमळच्या रानाकडे धावतो आणि लोक त्याला आळवून, बांधतो म्हणून सांगून परत आणतात, अशी कथा. लांबलांबून बाधा झालेली माणसे आणलेली असतात. मी लहानपणापासून जाते. काही बायकांचे हाल बघून माझ्या पोटात कालवते, आणि त्यांना डॉक्टरकडेही न्यायला हवे असे मी उघडपणे सांगत आले आहे. पण तरंग हलले की हजारो माणसांचा श्वास एकदम थांबतो, तो मी दरवर्षी ऐकते. देवाला देऊळ हवे आहे आणि आपण ते दिलेले नाही. ही थकबाकी सगळ्या गावाला पाठ आहे. तिथे कुणाला विशेष ध्वनियोजना लागत नाही.

नातवाला उत्तर द्यायचे राहिले होते. नाताळच्या सुट्टीत त्याला घेऊन मी आरवलीला गेले. पार्सेहून मांद्रे, हरमल, केरी, तिथून फेरीबोटीने तेरेखोल, मग रेडी, शिरोडा, आणि आरवली. जयवंत दळवींचे गाव. तिथे श्री देव वेतोबा उभा आहे, आमच्या बेताळाचा सख्खा भाऊच म्हणा. माणसाच्या उंचीपेक्षा कितीतरी उंच, धोतर नेसलेला, भरदार मिशा. आधीची मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, म्हणून त्या गावात फणस तोडून घराला वापरायला लोक धजत नाहीत. आता पंचधातूची आहे. समोर केळ्यांचे घड टांगलेले, आणि खाली चामड्याच्या वहाणा, भक्तांनी नवस फेडून वाहिलेल्या. वेतोबा रात्री त्या घालून गावभर फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा. एकेक वहाण हातभर लांब. जाड तळ, वर रुंद पट्टा, टाचेशी दाबून मारलेले टाके.

नातू खाली वाकून बराच वेळ बघत होता. मग त्याने आपली चप्पल बाजूला काढली आणि एका वहाणेच्या शेजारी, तिला लागणार नाही एवढे अंतर ठेवून, आपला पाय मांडला. त्याची बोटे वहाणेच्या निम्म्यावर आली. "हो हांगाचो," तो म्हणाला. मला विचारत नव्हता.

परतताना केरीच्या फेरीबोटीवर संध्याकाळ झाली. पलीकडे केरी, मागे तेरेखोल, मध्ये नदीचे काळपट पाणी. त्याने विचारले, वेतोबाची शीम कुठपर्यंत? मी त्याला बाबांची गोष्ट सांगितली, मांद्र्याचे घुंगरू, पार्सेचे घुंगरू, आणि मधली आठ-दहा पावले. बोट नदीच्या मध्यावर आली तेव्हा तो माझ्याजवळून उठला आणि कठड्याशी जाऊन मान तिरकी करून उभा राहिला. इंजिनाची धडधड चालू होती. मी त्याला हाक मारली नाही.